खाण्याच्या टेबलावरची टायटॅनियम सायकल

टायटॅनियम हा धातू आमच्या घरात कुणाला नवा नव्हता. माझे थोरले भाऊ अण्णा हाडांचे डॉक्टर. मोहोळ ते मंगळवेढा या पट्ट्यात जो कुणी मोटारसायकलवरून पडला, विहिरीच्या पायरीवरून घसरला किंवा चिंचोळी एमआयडीसीत यंत्रात सापडला, त्याच्या अंगात अण्णांनी हा धातू बसवलेला असण्याची शक्यता बरीच. प्लेटा, स्क्रू, मांडीच्या हाडातून आरपार जाणारे रॉड. कार्बन फायबरही माहितीतलं होतं. मोडलेला पाय बाहेरून धरून ठेवणाऱ्या कड्या त्याच्या असतात. एक्सरेत त्या आड येत नाहीत. त्यामुळे अण्णांनी टायटॅनियमची फ्रेम आणि कार्बन फायबरचे सुटे भाग मागवून घरीच सायकल जोडायचं जाहीर केलं, तेव्हा साहित्याचं नवल कुणाला वाटलं नाही. फक्त या वेळी रुग्ण दिसत नव्हता.

सायकलीमागं एक पैज होती. ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं एका हौशी माणसाचं खूळ वाटेल.

अण्णांची मुलगीही हाडांचीच डॉक्टर. पुण्यात शिकून परत आली आणि बापाच्याच हॉस्पिटलात उभी राहिली. दोघं एकत्र ऑपरेशन करत. एका रात्रीच्या जेवणात तिनं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "पप्पा, आता तुम्ही ऑपरेशन करू नका. ओपीडी बघा. मी प्रत्येक केस तुम्हाला विचारून करीन. पण स्क्रू मी पिळणार."

अण्णांनी उष्टा हात ताटावर सरळ धरला. "हलतोय का? सांग. हलतोय का हात?"

हात हलत नव्हता. वैनींनी बघितला, मी बघितला. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा होता.

"हलत नाही," ती म्हणाली. "पण हाताला कळतंय का, ते विचारतेय मी. आधी स्क्रू पिळताना तुम्ही आमच्याशी गप्पा मारत होता. आता स्क्रूकडं टक लावून बघता."

यावर अण्णांनी चटणी मागितली.

तिचं म्हणणं असं होतं. हाडात स्क्रू किती घट्ट करायचा हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. कमी झाला तर सैल राहतो, जास्त झाला तर हाडातले आटे निघतात आणि स्क्रू नुसता फिरायला लागतो. अण्णा हे काम आयुष्यभर दोन बोटं आणि अंगठा यांच्यावर करत आले. एक्सरेपासून वाचण्यासाठी अंगावर चढवायचा शिशाचा जड एप्रन वर्षानुवर्षं मानेवर बसला होता. मानेतली शीर दबली होती आणि नेमक्या त्याच बोटांची टोकं बधिर होत चालली होती. अण्णांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण शर्टाचं बटण ते आता आरशात बघून लावत. अलीकडच्या दोन ऑपरेशनांत स्क्रूचे आटे निघाले होते. दोन्ही वेळा मुलीनं जाड स्क्रू घालून निभावून नेलं आणि रुग्णांना काही झालं नाही. तिसऱ्या वेळेची वाट बघायची तिची तयारी नव्हती.

"ठीकंय," अण्णा म्हणाले. "मी एक सायकल जोडतो. सगळी, ह्या हातानं. टायटॅनियम, कार्बन, नाजूकातली नाजूक. तिच्यावर बसून मोहोळला जाऊन येतो. एक जरी स्क्रू चुकला तरी सुरी खाली ठेवली. नाही चुकला, तर हा विषय ह्या घरात परत निघायचा नाही."

"आणि चुकला का नाही, हे ठरवणार कोण?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी वृत्तपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर राहतो, आणि मला वेळही आहे आणि बाजूही नाही, असा घरात समज आहे.

"काका बघतील," ती म्हणाली.

"बघ बे," अण्णा म्हणाले. "बातमी नको. नुसतं बघ."

वैनींचं माहेर अक्कलकोटकडचं. वैताग आला की त्या कन्नडात शिरतात. "साक बिडरी," त्या म्हणाल्या, म्हणजे आता पुरे करा, आणि ताटं उचलली. पैज अशा रीतीनं मंजूर झाली.

खोकी आल्यावर पहिला बळी खाण्याच्या टेबलाचा गेला. ते सागवानी, आठ माणसांचं आणि वैनींच्या पसंतीचं होतं. अण्णांनी त्यावर हॉस्पिटलातली हिरवी कापडं अंथरली, वर हलवता येणारा दिवा लावला आणि सुटे भाग ऑपरेशनच्या हत्यारांसारखे ओळीत मांडले. तेव्हापासून घर स्वयंपाकघरात जमिनीवर जेवू लागलं. पाहुणे आले तर त्यांनाही पाट मिळत.

मदतीला हॉस्पिटलातले मामा. आमच्याकडं वॉर्डात काम करणाऱ्या पुरुषाला सगळे मामाच म्हणतात आणि बाईला मावशी. खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी निघतात. हे मामा अण्णांच्या पहिल्या ऑपरेशनपासून थिएटरात होते आणि अण्णांच्या कुठल्याही वाक्याला त्यांच्याकडं एकच उत्तर होतं.

"मामा, हा चिमटा आधी बसवू या."

"व्हय सायेब."

"का आधी चाक?"

"व्हय सायेब, चाक."

पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा अख्खा कार्बनचा होता. मामांनी तो हातात घेतला आणि लगेच दोन्ही हातांनी धरला. "सायेब, हे आतनं पोकळ हाय. कुणी फसवलं न्हाय नव्हं?"

फसवलं नव्हतं. कार्बन फायबर म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं कापड, राळेत भिजवून, साच्यात घालून, तापवून पक्कं केलेलं. ही माहिती गल्लीत पोचल्यावर शेजारचे गृहस्थ आले. त्यांचे एकेकाळी यंत्रमाग होते, घरात तेलुगू बोलतात, आणि कापड दिसलं की हात मागं ठेवणं त्यांना जमत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हँडलवरची वीण डोळ्याशी नेली.

"ट्विलची वीण आहे की हो, डॉक्टर! ताणा, बाणा, सगळं सरळ. ह्याला चादर का म्हणू नये?"

"म्हणा," अण्णा म्हणाले.

"आपल्या सोलापूरचा माल नाही, पण वीण बरी आहे." मग ते हँडल एका बोटावर तोलून बघत राहिले. जाताना त्यांनी दारातून विचारलं, "धुतल्यावर आटतं का?"

त्यानंतर लोक येतच राहिले. आमच्या गावाला आजाऱ्याला भेटायची सवय आहे, आणि डॉक्टरच्या घरात टेबलावर हिरव्या कापडाखाली काहीतरी निजलेलं आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. कुणी शहाळं आणलं नाही, पण बाकी सगळं तसंच. चप्पल बाहेर काढून, आवाज बारीक करून, "कसं काय आता?" अशी चौकशी. अण्णा शांतपणे सांगत, "आज चिमटा बसवला. उद्या चाकं." भेटायला आलेली माणसं मान हलवत, फ्रेम एका बोटानं उचलून बघत आणि वैनींकडं वळून म्हणत, "तुम्ही मात्र स्वतःकडं बघा."

सायकल चालवणाऱ्या मंडळींचा एक गट आहे. ते सकाळी चिंचोळीपर्यंत जाऊन येतात आणि दिवसभर त्याबद्दल मोबाईलवर लिहितात. त्यांना अण्णांच्या मोहोळच्या बेताचा सुगावा लागला. ठरलेल्या रविवारी आपणही सगळे सोबत निघू, पुढं एक गाडी ठेवू, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पैजेची गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. घराबाहेर पोचली ती वेगळीच गोष्ट.

ती गोष्ट मंगळवेढ्याहून एस्टीनं आलेल्या एका माणसानं आम्हाला सांगितली. जाडसर, पन्नाशीचा, ज्वारीचा शेतकरी. दारात उभा राहून तो आधी बराच वेळ पायातल्या वहाणा नीट एकाशेजारी एक लावत राहिला.

"डॉक्टरसाहेब, ओळखलं का? मांडीचा रॉड."

अण्णांनी चेहरा ओळखला नाही, चाल ओळखली. "डावी मांडी. छान चालताय की. रॉड काढला आपण दीड वर्षानं."

"व्हय, काढला. त्येच इचारायला आलतो." तो टेबलाकडं बघत होता. "लोक म्हंत्यात, डॉक्टरांनी लोकांच्या पायातनं काढल्याल्या रॉडांची सायकल केलीया. तवा म्हटलं, बघून यावं. माझाबी घातलाय का ह्यात?"

मामांनी तोंड फिरवलं. अण्णांनी अत्यंत गंभीरपणे त्याला टेबलाजवळ नेलं आणि फ्रेमच्या नळ्या दाखवल्या, रॉड किती बारीक आणि ह्या किती जाड, रॉड किती लांब आणि ह्या कशा वळवलेल्या, हे समजावून सांगितलं. माणसानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे न्हाय घातला."

"नाही हो."

"न्हाय, घातला असता तरी माझी ना न्हाय," तो म्हणाला. "सांगायचं तेवढं सांगायचं की. गावात म्या सांगून बसलोय, डॉक्टर माझ्यावर बसून फिरणारेत."

त्याला चहा दिला. जाताना तो थोडा नाराज दिसला. त्यानंतर काही दिवस ओपीडीत आणखी काही लोकांनी हाच प्रश्न विचारला. दोघांनी तर वाटा मागितल्यासारखा विचारला. भिंतीपलीकडची शेजारीण सोडून गावातल्या सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली होती, असं वैनी म्हणाल्या. शेजारणीनं ती ऐकली नव्हती, कारण वैनींच्या अंदाजानं ती तिनंच तयार केली होती.

या सगळ्यात काम मात्र चांगलं चाललं होतं, हे सांगितलं पाहिजे. मी बघायला नेमला होतो आणि बघत होतो. टायटॅनियममध्ये टायटॅनियमचा स्क्रू कोरडा पिळला तर दोन्ही एकमेकांना चिकटून कायमचे बसतात. अण्णांनी प्रत्येक आट्याला आधी ग्रीस लावलं. कार्बनच्या सीटच्या दांड्याला ग्रीस लावायचं नसतं, रेतीसारखी खरखरीत पेस्ट लावायची असते, नाहीतर दांडा घसरून खाली जातो. तीही त्यांनी लावली. मामांनी ग्रीसची डबी पुढं केली होती आणि "व्हय सायेब" म्हणून मागंही घेतली.

सगळ्यात अवघड काम गिअरची तार फ्रेमच्या आतून नेण्याचं. एका बारक्या भोकातून आत घालायची, नळीच्या पोटातून आंधळी सरकवायची आणि दुसऱ्या टोकाच्या बारक्या भोकातून बाहेर काढायची. मोबाईलवर हे शिकवणारा तरुण तीन वेळा चुकतो आणि हसतो. अण्णांनी डोळे मिटले, तार आत सोडली, एकदा मनगट किंचित वळवलं आणि तार बाहेर आली.

"रॉड घालायच्या आधी हाडात जी तार घालतात, ती अशीच," ते म्हणाले. "काय बे, बघितलंस का?"

"बघितलं."

"सांग तिला."

मी सांगितलं. ती त्याच दुपारी येऊन बघूनही गेली. तिनं तार ओढली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला आणि एकही दोष काढला नाही. मग पिशवीतून एक लांब दांड्याचा पाना काढून टेबलावर ठेवला. त्यावर हव्या त्या जोराचा आकडा लावता येतो. तेवढा जोर झाला की पाना टक्क असा आवाज करतो आणि हाताला कळो न कळो, थांबायचं असतं.

"हा घ्या. आता हँडलच राहिलंय ना? हँडलला हा लागतो."

"नको."

"पप्पा, कार्बन आहे. जास्त झालं की गेलं."

"हाडावर आकडा लिहिलेला असतो का?"

"हाडावर नसतो. ह्याच्यावर लिहिलाय की." हँडल पकडणाऱ्या तुकड्यावर स्क्रूशेजारी आकडा खरोखरच कोरलेला होता. तिनं त्यावर नख ठेवलं. "हे काय."

"माझ्या बोटात आहे तो आकडा."

"सायेबांच्या बोटाला मीटर हाय, म्याडम," मामा म्हणाले.

तिनं मामांकडं बघितलं नाही. पाना तिथंच ठेवून ती हॉस्पिटलला गेली. अण्णांनी तो उचलून कपाटावर ठेवला. यात त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पैज बोटांची होती. पाना वापरला असता तर सायकल जिंकली असती, बोटं नाही.

हँडल एका रविवारी दुपारी बसलं. मामा चहा करायला आत गेले होते. टेबलाशी अण्णा आणि समोर मी. हँडल जागेवर ठेवून पुढची पट्टी लावली की चार स्क्रू, कोपऱ्यांवर एकेक, थोडे थोडे करून तिरक्या क्रमानं पिळायचे. अण्णांचा क्रम बरोबर होता. अंगठा आणि दोन बोटं किल्लीवर, मनगट सैल, कोपर अंगाला लागलेलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत ते स्क्रूकडं अगदी जवळून बघू लागले. अजून थोडं, असं स्वतःशीच म्हणाले. किल्ली हलली.

कट्ट असा आवाज झाला. सुपारी फोडल्यासारखा, पण खूप लहान.

अण्णा थांबले. त्यांनी हँडलकडं बघितलं नाही. किल्ली धरलेल्या बोटांकडं बघितलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

बाहेरून काही दिसत नव्हतं. काही झालं असेल तर पट्टीखाली झालं होतं. हँडल सरळ होतं, हलत नव्हतं, पक्कं बसलं होतं. वैनींच्या फोडणीचा आवाज आतून येत होता. घरात दुसऱ्या कुणाला तो कट्ट ऐकू गेला असण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी खिशातून एक नाणं काढलं आणि हँडलच्या टोकापासून वाजवत मधे आले. आम्ही लहान असताना गावातले डॉक्टर छातीवर बोटं वाजवून बघत, तसे. टिक, टिक, टिक, आणि पट्टीच्या अगदी जवळ, ठक. दुसऱ्या बाजूनं टिक, टिक, टिक. तिथं ठक नव्हतं.

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. सायकल पुरी झालेली बघून त्यांनी ट्रे खुर्चीवर ठेवला आणि टाळी वाजवली.

"झाली! वैनीसायेब, झाली बगा!"

पुढचा तास अण्णांच्या हातात राहिला नाही. वैनींनी सायकलीला ओवाळलं. हळद-कुंकू कुठं लावायचं हा प्रश्न आला. फ्रेमला लावलं तर घासलं जाईल म्हणून त्यांनी ते हँडलला लावलं, बरोबर मधोमध, आणि वरून झेंडूचं फूल अडकवलं. शेजारचे यंत्रमागवाले पेढे घेऊन आले. सायकल चालवणाऱ्यांपैकी तिघं आले, प्रत्येकानं एका बोटानं सायकल उचलली, उचलताना दुसऱ्यानं फोटो काढला, मग आळीपाळीनं. मोहोळचा रविवार पक्का झाला. वाटेत नाश्त्याला कुठं थांबायचं यावर दोन पक्ष पडले. मामांनी प्रत्येकाला सांगितलं की साहेबांनी एकही स्क्रू मीटर लावून पिळलेला नाही. अण्णांनी सगळ्यांचे पेढे घेतले, सगळ्यांना हात जोडले आणि सगळ्यांना तेच उत्तर दिलं: "झाली एकदाची."

लोक उठायला लागले तसा मी त्यांच्याजवळ गेलो.

"अण्णा, ह्याच्यावर बसणार आहात तुम्ही?"

"गप बस बे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझं मला होऊ दे."

खड्ड्यात एक दणका, आणि हँडल हायवेवर हातात यायचं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. अशा माणसांची मनगटं त्यांनी जोडली होती.

मुलगी हॉस्पिटलातून आली तेव्हा दिवे लागायची वेळ होती आणि सायकल स्टँडवर उभी होती. तिनं पर्स खुर्चीवर टाकली आणि सायकलीभोवती फिरली. कुंकू बघून हसली. पॅडल फिरवलं, गिअर बदलले. साखळी खटखट न करता एका चकतीवरून दुसरीवर गेली. मग ती मागं सरकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं. खरंच."

अण्णा बसल्या बसल्या किल्ली कापडानं पुसत राहिले.

"ठीकंय. मोहोळपर्यंत थांबायला नको. माझं चुकलं असेल. विषय बंद. उद्याचा खुबा तुम्ही करा, मी समोर उभी राहते."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याचं दिसत होतं. उद्याचा खुबा म्हणजे एक सत्तरीची बाई, न्हाणीत पडलेली, हाडं ठिसूळ. दुपारीच दाखल झाली होती.

अण्णा उठले. वैनींच्या आरतीच्या ताटातला रुपया त्यांनी उचलला आणि मुलीच्या हातात दिला.

"वाजव. टोकापासून."

"काय?"

"वाजव तर."

तिनं वाजवलं. टिक, टिक, टिक, ठक. ती थांबली, परत मागं गेली, परत आली. परत ठक.

"दुसरी बाजू."

तिनं दुसरी बाजू वाजवली. मग किल्ली घेऊन चारही स्क्रू सैल केले, पट्टी काढली आणि दिवा खाली ओढला. झेंडूचं फूल जमिनीवर पडलं. कार्बनच्या विणीवर केसाएवढी एक रेघ होती. माहीत असल्याशिवाय दिसली नसती.

"हेअरलाइन," अण्णा म्हणाले.

"कधी?"

"दुपारी."

"काका, तुम्ही होता?"

"होतो," मी म्हणालो.

"मग सगळे पेढे काय खात होते?"

"पेढे आले होते," अण्णा म्हणाले. "त्याला काही बोलू नको. मीच गप बसवलं."

तिनं त्या रेघेवरून नख फिरवलं. जिंकलेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती. तिनं विचारलं, "घट्ट होत होतं तेव्हा कळलं का तुम्हाला? थोडं तरी?"

"नाही."

"अजिबात?"

"मला वाटलं, अजून सैलच आहे."

वैनी कन्नडात काहीतरी पुटपुटल्या. या वेळी तो राग नव्हता. मग त्यांनी मराठीत विचारलं, "म्हणजे आता मोहोळ नाही?"

"मोहोळ आहे की," अण्णा म्हणाले. "हँडल दुसरं येईल. मोहोळ कुठं जातंय?" ते मुलीकडं वळले. "खुबा तू कर. हाड कागदासारखं असणार, सांभाळून. मला हाक मारायची गरज नाही. मारलीस तर येईन."

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलला गेले आणि ओपीडीत बसले. थिएटरात काय झालं ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हतो. बाई चौथ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, एवढं वैनींकडून कळलं. गावात मात्र वेगळंच पसरलं. डॉक्टरांनी आता सायकलीचा धंदा काढलाय, म्हणून ऑपरेशनं बंद केली. यंत्रमागवाल्यांनी चादरीच्या कापडाची सायकल होईल का, अशी चौकशीही करून बघितली.

नवं हँडल आल्यावर ते मुलीनं बसवायचं ठरलं. तिला सुट्टीच्या दिवशी सकाळी वेळ मिळाला. कपाटावरचा पाना मामांनी पुसून दिला. अण्णा तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातीपासून सूचना द्यायला सुरुवात केली. कोन बघ. मध्यरेषा बघ. वरचा डावा आधी. अगं, खांदा खाली घे, खांद्यानं कुणी पिळतं का. ती पिळत होती. पाना टक्क म्हणाला की पुढच्या स्क्रूकडं जात होती. अण्णा आणखी वाकले.

"पप्पा, उजेड अडतोय."

अण्णांनी मागं वळून खिडकीकडं बघितलं, जणू तिथं दुसरं कुणी उभं असेल. मग ते दोन पावलं मागं सरकले, आणि थोडं थांबून टेबलाला वळसा घालून पलीकडं जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना स्क्रू दिसत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी हँडलची टोकं धरली आणि ते हलणार नाही असं धरून ठेवलं.

मामा दारात आले. त्यांनी अण्णांकडं बघितलं, मग मुलीकडं, आणि प्रश्न नक्की कुणाला विचारावा हे न सुचून मधल्या हवेला विचारला.

"चा आणू का?"

मुलीनं मान वर केली नाही. तिचा तिसरा स्क्रू चालू होता.

"थोड्या वेळानं आणा," अण्णा म्हणाले. "मॅडमचं काम चाललंय."